कोंबड्यांचे खाद्य टिकवण्यासाठी ओवा, लवंग आणि हळद : काय, किती आणि कसे

पावसाळ्यात खाद्याच्या गोणीचे तोंड सोडले की आधी वास घ्यावा. कुबट वास आला तर आत बुरशी धरली आहे. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर खाद्यातले तेल बिघडले आहे. हे दोन बिघाड वेगळे आहेत. वनस्पतींचे अर्क वापरायचे असतील तर आपण कोणत्या बिघाडाशी लढतो आहोत हे आधी ठरवावे लागते.

मी स्वतः मका भरडून अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य घरीच मिसळतो. सुरुवातीच्या एका पावसाळ्यात तुळस आणि लसूण उकळून गडद काढा केला आणि खाद्यावर शिंपडून गोण्या भरल्या. तिसऱ्या दिवशी गोणीत कोपरापर्यंत हात घातला तर आतून ऊब लागली आणि खाद्याचे गठ्ठे झाले होते. काढ्यात औषधी गुण होते, पण त्यासोबत मी खाद्यात पाणी ओतले होते आणि त्या पाण्यावर बुरशी वाढली. काढा द्यायचाच असेल तर तो कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यातून द्यावा. गोणीत जायचे ते कोरडी पूड किंवा तेलात उतरवलेला अर्क, एवढेच. पुढची सगळी पद्धत या एका नियमावर उभी आहे.

आधी बिघाड समजून घेऊ

बुरशीला ओलावा, ऊब आणि वेळ लागतो. मका, शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड यांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले, आणि त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडले. या विषाची ओळख जगाला तिथून झाली. हे विष भाजून किंवा उकळून पूर्ण जात नाही. ओवा-लवंगेचा अर्क बुरशीची वाढ रोखू शकतो, पण आधीच तयार झालेले विष खाद्यातून काढून टाकू शकत नाही. म्हणून बुरशी लागलेला मका 'अर्क घालून चालवून घेऊ' असा विचार कुणीही करू नये.

दुसरा बिघाड तेलाचा. तांदळाची पॉलिश (तांदूळ पांढरा करताना निघणारा बारीक कोंडा), मासळीची कुटी आणि वरून घातलेले सोयातेल यांतली चरबी हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि ही साखळी वाढत जाते. वाटेत जीवनसत्त्व अ आणि ई नष्ट होतात. खवट खाद्यावर वाढलेली पिल्ले कधी तोल जाऊन पडतात, मान मागे टाकतात, पाय ताणतात. मेंदूचा हा आजार जीवनसत्त्व ई कमी पडल्याने होतो. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल आणि हळदीतले कर्क्युमिन ही फिनॉल जातीची द्रव्ये या साखळीत आडवी येतात आणि ती तोडतात. माझ्या मते वनस्पती अर्कांचा खरा भरवशाचा उपयोग इथेच आहे. बुरशीविरुद्ध ते मदतनीस आहेत, पण मुख्य काम तिथे कोरडेपणाच करतो.

कारखान्यात बनणाऱ्या खाद्यात याच कामासाठी बीएचटी, बीएचए आणि इथॉक्सिक्विन ही रसायने वापरली जातात. त्यांपैकी इथॉक्सिक्विनची परवानगी युरोपीय संघाने २०१७ मध्ये स्थगित केली. त्यानंतर रोझमेरीच्या अर्कासारख्या वनस्पतिजन्य पर्यायांकडे लक्ष वाढले.

पायरी पहिली : मक्याचा ओलावा

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३७४ या कुक्कुट खाद्याच्या मानकात ओलावा जास्तीत जास्त ११ टक्के आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ जास्तीत जास्त २० पीपीबी, म्हणजे एका टनात २० मिलिग्रॅम, असे सांगितले आहे. विषाची मर्यादा किती बारीक आहे ते यावरून लक्षात येते. ऑक्टोबरात परतीच्या पावसात काढलेला मका बाजारात येतो तेव्हा त्यात १६-१८ टक्के ओलावाही सापडतो. बाजार सिल्लोडचा असो की येवल्याचा, स्वस्त मिळाला म्हणून ओला मका घेतला तर वाळवण्याचा खर्च, वजनातली घट आणि जोखीम आपल्या माथी येते.

ओलावा मोजायचे यंत्र नसेल तर मिठाची जुनी पद्धत आहे. मीठ तव्यावर कोरडे होईपर्यंत भाजून थंड करावे. काचेच्या कोरड्या बरणीत पाव किलोभर मका आणि दोन-तीन चमचे हे मीठ घालून झाकण लावावे, मिनिटभर जोरात हलवून पंधरा मिनिटे ठेवावे. बरणीच्या आतल्या काचेला मीठ चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. तो मका परत उन्हात टाकावा. मीठ चिकटले नाही म्हणून मका साठवायला तयार झाला असे मात्र समजू नये, कारण आपल्याला १२ च्या आसपास यायचे आहे. दाणा दाताखाली कडक फुटला पाहिजे. पन्नासभर गोण्या घेणाऱ्याने ओलावा मापक विकत घ्यावाच, एका बिघडलेल्या खेपेत त्याची किंमत वसूल होते.

तपासणीसाठी नमुना एकाच गोणीतून घेऊ नये. विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते, मूठभर दाण्यांत बहुतेक विष असू शकते. दहा गोण्यांतून वरून, मधून, तळातून थोडे थोडे काढून एकत्र भरडावे आणि त्यातला नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

पायरी दुसरी : कोणती वनस्पती घ्यायची

लवंग सर्वांत बलवान. तिच्यात १५ ते २० टक्के बाष्पशील, म्हणजे हवेत उडून जाणारे, तेल असते आणि त्या तेलाचा मोठा भाग युजेनॉल असतो. कळीची लवंग महाग पडते. म्हणून मी लवंगेच्या पानांचे तेल घेतो. त्यातही युजेनॉल भरपूर असते आणि भाव बराच कमी असतो. विकत घेताना खाण्यायोग्य दर्जाचे आहे का ते बाटलीवर पाहावे. अत्तरासाठी किंवा उदबत्तीसाठी विकले जाणारे तेल घेऊ नये.

ओव्यात तेल कमी, साधारण २ ते ४ टक्के, पण त्यात थायमॉल चांगले असते. घरी अमृतधारा बनवणाऱ्यांना ओव्याचे फूल माहीत असेल. ते पांढरे, काचेसारखे स्फटिक म्हणजेच थायमॉल. आयुर्वेदिक कच्चा माल विकणाऱ्या दुकानात ते मिळते. मोजायला सोपे, टिकायला उत्तम आणि दर खेपेला गुण सारखा. घरगुती मिश्रणासाठी मला हेच सर्वांत सोयीचे वाटते.

हळद महाराष्ट्राला शोधत जावी लागत नाही. सांगली आणि हिंगोलीतले वसमत हे तिचे मोठे बाजार आहेत. चांगल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. खाद्यात अर्धा टक्का हळद दिल्यावर अफ्लाटॉक्सिनमुळे पिल्लांच्या यकृतावर होणारा परिणाम काही अंशी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पूर्ण संरक्षण मिळाल्याचे नाही. तयार पूड घेण्यापेक्षा हळकुंडे आणून दळावीत, कारण रंगासाठी शिशाची भेसळ केलेली हळद बाजारात सापडते आणि ते शिसे अंड्यापर्यंत जाऊ शकते.

डाळिंबाची साल हा सोलापूर-नाशिक पट्ट्यातला फुकटासारखा माल. दाणे सोलण्याच्या आणि रसाच्या कारखान्यांतून ती ढिगाने निघते. तिच्यातली टॅनिने चरबीचे रक्षण करतात, पण तीच जास्त झाली तर प्रथिनांचे पचन अडवतात. म्हणून १०० किलो खाद्याला अर्धा किलोच्या वर जाऊ नये आणि लहान पिल्लांच्या खाद्यात घालूच नये. साल धुऊन, फवारणीचे अंश जातील इतपत स्वच्छ करून, कडकडीत वाळवून मगच दळावी.

कडुनिंबाबद्दल गैरसमज फार आहे. आपल्याकडे धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायची रीत आहे आणि ती सोंड्या-टोक्यांसारख्या धान्यातल्या किडींसाठी ठीक आहे. साठवणीच्या खोलीत गोण्यांच्या थरांमध्ये पाला जरूर पसरावा. खाद्यात मात्र निंबोळीची पूड किंवा तेल मिसळू नये. कडवटपणाने कोंबड्या खाणे कमी करतात आणि अंडी घटतात.

रोझमेरीचा तयार अर्क मिळतो आणि मासळीच्या कुटीसाठी चांगला आहे, पण छोट्या शेतकऱ्याला किंमत परवडेलच असे नाही.

पायरी तिसरी : अर्क तयार करणे

दोन पद्धती सांगतो. पहिली मोजून-मापून, दुसरी स्वयंपाकघरातल्या सामानाने.

पहिल्या पद्धतीत १०० किलो खाद्यासाठी १० ग्रॅम ओव्याचे फूल आणि १० ग्रॅम लवंगेच्या पानांचे तेल घ्यायचे. म्हणजे प्रत्येकी १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), एकूण २००. वनस्पती तेलांचे खाद्यातले नेहमीचे प्रमाण १०० ते ३०० पीपीएमच्या दरम्यान असते, तेव्हा आपण मधोमध आहोत. पहिल्या दहा दिवसांच्या पिल्लांना निम्मे प्रमाण पुरे. पाव किलो सोयातेल हाताला सोसेल इतके कोमट करावे, त्यात स्फटिक घालून लाकडी काडीने ढवळावे. ते पूर्ण विरघळले की भांडे खाली उतरवून थंड होऊ द्यावे आणि मगच लवंग तेल घालावे. गरम तेलात घातले तर उडून जाईल. ही दोन्ही द्रव्ये शुद्ध रूपात फार तीव्र आहेत, कातडी भाजते आणि डोळ्यांत गेली तर मोठा त्रास होतो. हातमोजे आणि चष्मा घालावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. वजनासाठी सोनाराकडे असतो तसा ग्रॅमवर दाखवणारा छोटा काटा वापरावा. 'अंदाजे दोन टोपणे' इथे चालत नाही.

दुसऱ्या पद्धतीसाठी १०० ग्रॅम लवंग आणि ३०० ग्रॅम ओवा उन्हात दोन तास तापवून जाडसर कुटावा. फार बारीक केला तर गाळताना त्रास होतो. हे २ किलो सोयातेलात घालून झाकणाचे स्टीलचे भांडे पाण्याने भरलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवावे आणि मंद आचेवर तीन तास तापवावे. बाहेरचे पाणी उकळू देऊ नये, तेलाचे तापमान ६० अंशांच्या आत राहावे. झाकण उघडू नये, कारण वास घरभर सुटला म्हणजे कामाचे द्रव्य हवेत गेले. रात्रभर तसेच ठेवून सकाळी सुती कपड्यातून पिळून गाळावे. हिशेब असा : १०० ग्रॅम लवंगेत १५ टक्क्यांनी १५ ग्रॅम तेल, ३०० ग्रॅम ओव्यात ३ टक्क्यांनी ९ ग्रॅम, मिळून २४. सगळे तेलात उतरत नाही, पण उरलेला चोथाही कोरडाच असल्याने तो १०० किलोच्या त्याच खाद्यात मिसळून टाकावा. हे तेल खाद्याच्या सूत्रातल्या तेलाच्या जागी धरावे, वरून जादा घालू नये, नाहीतर ऊर्जेचा हिशेब चुकेल.

ताजी पाने, ओला लसूण, आले यांपैकी काहीही तेलात घालून ठेवू नये. तेलाखाली हवा नसते आणि ओल्या लसणासोबत तिथे बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. कोंबड्यांमध्ये हाच आजार मान लुळी पडून दिसतो. तेलात जाणारी प्रत्येक वस्तू खडखडीत वाळलेली हवी.

तयार तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, सावलीत ठेवावे. मी एका वेळी दोन आठवड्यांपुरतेच करतो.

पायरी चौथी : मिसळणे

शंभर किलोत वीस ग्रॅम सारखे पसरवायचे आहे. थेट ओतले तर एका कोपऱ्यातल्या कोंबड्यांना दहापट मिळेल आणि बाकीच्यांना काहीच नाही. म्हणून टप्पे करावे लागतात. पहिल्या पद्धतीचे पाव किलो तेल २ किलो बारीक भरडलेल्या मक्यावर थोडे थोडे सोडत हाताने चोळावे, गुठळी राहू देऊ नये. हे मिश्रण १० किलो खाद्यात, आणि ते १० किलो मग शंभर किलोत. हळद घालायची असेल तर पहिल्या टप्प्यातच, १०० किलोला ३०० ते ५०० ग्रॅम. हळदीचा एक अनपेक्षित फायदा होतो : रंग सगळीकडे सारखा दिसू लागला की मिश्रण झाले हे डोळ्यांना कळते.

दुसऱ्या पद्धतीचे २ किलो तेल मात्र सगळे कोरडे घटक मिसळून झाल्यावर, शेवटी, बारीक धारेने सोडावे. फावड्याने जमिनीवर मिसळणाऱ्यांनी ताडपत्री टाकून ढीग किमान पाच वेळा या बाजूचा त्या बाजूला करावा. उभ्या मिक्सरला तेल घातल्यावर दहा-पंधरा मिनिटे द्यावीत.

मिनरल मिक्सचरमधले तांबे आणि लोह तेलाचा खवटपणा वेगाने वाढवतात. अर्काचे तेल आणि मिनरल मिक्सचर एकाच बादलीत कालवू नये, वेगवेगळ्या टप्प्यांत घालावे. आणि ज्यांचे खाद्य पेलेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांच्या, स्वरूपात बनते त्यांनी लक्षात ठेवावे की पेलेट मशीनची ७५-८५ अंशांची वाफ बाष्पशील तेल बरेचसे उडवून लावते. तिथे अर्क पेलेट थंड झाल्यावर वरून फवारावा लागतो.

तांदळाच्या पॉलिशबद्दल वेगळे सांगायला हवे. तिच्यात १२ ते १८ टक्के चरबी असते आणि गिरणीतून निघाल्या क्षणापासून तिच्यातले विकर (एन्झाइम) ती चरबी फोडायला लागते. गोंदिया-भंडाऱ्याकडून येणारी पॉलिश आपल्याकडे पोहोचेपर्यंत आठवडा गेला असेल तर कोणताही अर्क ती परत ताजी करणार नाही. ताजी मिळत नसेल तर तेल काढलेला कोंडा घ्यावा आणि ऊर्जा दुसरीकडून भरून काढावी.

पायरी पाचवी : साठवण

अखंड मका टिकतो, भरडलेला टिकत नाही, कारण भरडल्यावर हवेला लागणारा भाग कितीतरी वाढतो. पावसाळ्यात सात-आठ दिवसांचेच भरडावे. हिवाळ्यात तीन आठवडे चालून जातात. गोण्या जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचाव्यात. पत्र्याखाली ठेवलेल्या बंद प्लास्टिकच्या पिंपाला रात्री आतून घाम सुटतो आणि तो थेंब खाद्यावर पडतो. पिंप वापरायचे तर सावलीच्या खोलीत आणि खाद्य पूर्ण थंड झाल्यावरच भरायचे.

कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत उघडा मका आपोआप १५ टक्क्यांच्याही वर ओलावा ओढून घेतो. तिथे २०० पीपीएम अर्कावर भरवसा ठेवून महिन्याचा साठा करणे मला धोक्याचे वाटते. बुरशी पूर्ण थोपवायला वनस्पती तेल जेवढे लागते तेवढे घातले तर उग्र वासाने कोंबड्या खाद्याला तोंड लावत नाहीत. अशा वेळी कॅल्शियम प्रोपिओनेट हे बुरशी रोखणारे रसायन पाकिटावरच्या प्रमाणात वापरावे आणि अर्क तेलाच्या रक्षणासाठी ठेवावा. नैसर्गिकचा आग्रह पक्ष्यांच्या जिवापेक्षा मोठा नाही. तसेच टॉक्सिन बाइंडर (खाद्यातले विष बांधून ठेवणारी पूड) चालू असेल तर अर्क सुरू केला म्हणून तो बंद करू नये.

पायरी सहावी : आपल्या शेडवर पडताळणी

एकाच दिवशी बनवलेल्या खाद्याच्या चार बरण्या भराव्यात. दोन बिनअर्काच्या, दोन अर्काच्या. प्रत्येक जोडीतल्या एका बरणीत चमचाभर पाणी शिंपडावे. चारही शेडच्या आढ्याजवळ, उबेत ठेवाव्यात. दर पाचव्या दिवशी वास घेऊन आणि बुरशीचा ठिपका दिसतो का ते पाहून वहीत नोंद करावी. बुरशी दिसलेली बरणी पुन्हा हुंगू नये, तिचे बीजाणू माणसाच्या छातीलाही वाईट. हा प्रयोग महिनाभर चालवला की आपल्या हवेत अर्क किती दिवस साथ देतो हे स्वतःच्या डोळ्यांनी कळते. शक्य असेल तर पहिल्या आणि तिसाव्या दिवशीच्या नमुन्याचा पेरॉक्साइड अंक प्रयोगशाळेतून काढून घ्यावा. खवटपणाची सुरुवात नाकाला कळण्याआधी त्या आकड्यात दिसते.

मग पक्षी. सगळ्या कळपाला एकदम नवे खाद्य घालू नये. वीस-वीस कोंबड्यांचे दोन गट करून दहा दिवस खाल्लेले आणि उरलेले खाद्य तोलावे. अर्काच्या गटाचे खाणे पाच टक्क्यांहून जास्त घटले तर प्रमाण निम्म्यावर आणावे. अंडी देणाऱ्या कोंबड्या असतील तर दहाव्या दिवशीची अंडी साधी उकडून, मीठही न घालता, घरातल्या चार जणांना चाखायला द्यावीत. लवंगेची चव लागली असे कुणी म्हणाले तर तेही ऐकावे.

मेलेला पक्षी आढळला तर पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे. यकृत फिकट, पिवळसर आणि सुजलेले दिसले तर संशय अफ्लाटॉक्सिनवर जातो. ती खेप तिथल्या तिथे बंद करावी, गोणीवर तारीख आणि मका कुठून आला ते लिहून नमुना बाजूला काढावा. ते खाद्य बदकांना किंवा शेजारच्या गाईगुरांनाही घालू नये, बदकाच्या पिल्लांना हे विष कोंबड्यांपेक्षाही लवकर मारते आणि गाईच्या दुधात ते उतरते. रिकाम्या झालेल्या गोण्या उलट्या करून कडक उन्हात दोन दिवस टाकाव्यात, बुरशी धरलेली गोणी मात्र जाळून टाकावी.